नाममुद्रा आणि मुद्राचित्र : नलिनी मलानी यांच्या सहयोगी कलाव्यवहाराचे एक वाचन

१. प्रश्नाची मांडणी

मराठीतील ‘मुद्रा’ हा शब्द अनेकार्थी आहे. राजाची मुद्रा, नाण्यावरची मुद्रा, चेहऱ्यावरची मुद्रा, अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा असे त्याचे उपयोग आपल्या परिचयाचे आहेत. छापण्याच्या क्रियेला आपण मुद्रण म्हणतो आणि पत्रा, लाकूड, दगड अथवा काच यांवरून कागदावर उतरविलेल्या चित्राला मुद्राचित्र. या सर्व अर्थांच्या मुळाशी ‘ठसा’ ही एकच कल्पना आहे. ठसा दोन कामे करतो. एक, तो कर्तृत्वाची वा मालकीची ग्वाही देतो. आणि दोन, तो एकाच्या अनेक प्रती करतो. या दोन कामांत एक सुप्त विरोध आहे. ग्वाही एका नावाची असते, प्रती मात्र अनेकांच्या हाती जातात आणि अनेक हातांनी घडतात.

हा विरोध स्त्रियांच्या निर्मितीच्या संदर्भात विशेष तीव्र होतो. सामूहिक निर्मिती हा स्त्रियांच्या कलाव्यवहाराचा जुना विशेष असल्याचे स्त्रीवादी समीक्षेने वारंवार दाखविले आहे. परंतु ‘सामूहिक’ म्हटले की कर्तीचे नाव पुसले गेले तरी चालते, असा एक सोयीचा समज त्यातून निर्माण होतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याच्या विरुद्ध आहे. निवडलेला सहयोग आणि लादलेले अनामिकत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि खरा सहयोग नावांची नोंद अधिक काटेकोरपणे मागतो, असे येथे मांडावयाचे आहे. त्यासाठी मुंबईच्या चित्रकर्ती नलिनी मलानी यांच्या कामाचा आधार घेतला आहे. चित्रकलेचा विषय मराठी विभागाच्या नियतकालिकात का, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. मलानींच्या कामात संहिता, पाठभेद, भाषांतर, कर्तृत्व हे आपल्याच शास्त्रातील प्रश्न उभे राहतात, हे त्याचे उत्तर पुढील विवेचनात मिळेल.

२. नाममुद्रेची परंपरा आणि ओवी

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. नारायण सूर्याजीपंत ठोसर या व्यक्तीने ‘रामदास’ ही नाममुद्रा धारण केली आणि ‘दासबोध’ ओवीबद्ध रचला. याच गोदावरीच्या खोऱ्यात, परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. जनाबाईची नाममुद्रा अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. स्वतःचे नाव सांगताना ती नामदेवाचे नावही सांगते. स्वतःला नामयाची दासी म्हणवते. तिचे अभंग आपल्यापर्यंत पोहोचले तेही प्रामुख्याने नामदेवगाथेच्या आवृत्त्यांमधून. तिने धारण केलेल्या मुद्रेतच दुसऱ्याची मुद्रा मिसळलेली आहे. तरीही त्या मुद्रेमुळेच जनाबाई आज आपल्याला कवयित्री म्हणून ओळखता येते, हेही विसरता येत नाही.

तिसरा प्रकार जात्यावरच्या ओवीचा. छंदाचे नाव तेच, परंतु येथे नाममुद्रेची सक्ती नाही. एकीने म्हणावे, दुसरीने उचलावे, तिसरीने आपल्या भावाचे वा गावाचे नाव त्यात घालून ती आपली करावी, असा हा व्यवहार. माहेरची ओवी सासरी जाते आणि जाताना बदलते. तारा भवाळकर यांनी लोकसाहित्यातील स्त्रीच्या शब्दांत तिचा आत्मस्वर शोधला, तो याच बदलांच्या आधारे. म्हणजे ओवीत कर्तृत्व नाही असे नव्हे. कर्तृत्व आहे, मात्र ते वाटलेले आहे.

ग्रंथकाराची मुद्रा, परनामाशी जोडलेली मुद्रा आणि मुद्रेविना वाटलेले कर्तृत्व या तीन शक्यता समोर ठेवून मलानींच्या कामाकडे वळता येईल.

३. चार नावे, एक प्रदर्शन

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीने त्यांचे कुटुंब निर्वासित झाले. कोलकात्यामार्गे ते मुंबईस आले. १९६४ ते १९६९ या काळात त्यांनी सर ज. जी. कलाविद्यालयात शिक्षण घेतले. याच सुमारास त्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्येही काम करीत होत्या. चित्रकार, नाटककार, नर्तक, संगीतकार यांना एका छताखाली आणणारी ही संस्था होती. पुढे अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ या उपक्रमात त्यांनी छायाचित्रण व चित्रपट या माध्यमांत प्रयोग केले. शेजारच्या कलेकडे पाहत काम करण्याची सवय अशी आरंभापासूनची आहे.

१९७९ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी ए. आय. आर. गॅलरी पाहिली. १९७२ मध्ये स्थापन झालेली ही स्त्री-कलावंतांनी सहकारी तत्त्वावर चालविलेली गॅलरी. तेथे नॅन्सी स्पेरो, ॲना मेंडिएटा, मे स्टीव्हन्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. येथे एक भारतीय समांतर नोंदविणे आवश्यक आहे. अलीगढच्या झरीना हाश्मी (१९३७–२०२०) या मुद्राचित्रकर्ती तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होत्या. पॅरिसमध्ये एस. डब्ल्यू. हेटर यांच्या कार्यशाळेत त्यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले होते. १९८० मध्ये ए. आय. आर. गॅलरीतच अमेरिकेतील तिसऱ्या जगातील स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन भरले. त्याच्या संयोजनात ॲना मेंडिएटा व काझुको मियामोतो यांच्याबरोबर झरीना होत्या. त्यांच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) या ३६ काष्ठमुद्राचित्रांच्या मालिकेत प्रत्येक चित्राला उर्दू शब्द जोडलेला आहे. स्त्रीवादी सहयोग, मुद्राचित्र आणि शब्द यांचा संबंध योगायोगाचा नाही, एवढे यावरून लक्षात यावे.

भारतात परतल्यावर मलानींनी स्त्री-कलावंतांच्या एकत्रित प्रदर्शनाचा विचार सुरू केला. तो प्रत्यक्षात येण्यास १९८७ साल उजाडले. ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या नावाने अर्पिता सिंह, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि नलिनी मलानी या चौघींचे प्रदर्शन १९८७ ते १९८९ या काळात भारतातील पाच बिगरव्यापारी ठिकाणी फिरले. या चौघींत साम्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. अर्पिता सिंह बंगालमध्ये जन्मलेल्या व दिल्लीत स्थिरावलेल्या. माधवी पारेख गुजरातमधील खेड्यात वाढलेल्या आणि कलाविद्यालयात न गेलेल्या. नीलिमा शेख बडोद्याच्या परंपरेतील, लघुचित्रशैलीचा डोळस वापर करणाऱ्या. हुंडाबळी ठरलेल्या मुलीचे आयुष्य मांडणारी ‘व्हेन चंपा ग्रू अप’ (१९८४) ही शेख यांची चित्रमालिका या प्रदर्शनापूर्वीची आहे.

प्रदर्शन एकत्र असूनही शैली चार राहिल्या आणि नावेही चार राहिली. येथे सहयोग म्हणजे एकसारखेपणा नव्हे. प्रत्येकीचे काम दुसरीच्या कामाशेजारी ठेवल्याने वेगळे वाचले जाणे, हा या सहयोगाचा आशय होता. स्त्रीचे घर, स्वप्न, भीती, शरीर हे विषय एकीने हाताळले असते तर ते ‘वैयक्तिक’ म्हणून बाजूला पडले असते. चौघींच्या शेजाराने त्यांना विषय म्हणून प्रतिष्ठा मिळाली. जात्याभोवतीच्या ओवीचेही कार्य याहून वेगळे नसते. फरक इतकाच की येथे चारही नावे भिंतीवर लिहिलेली होती.

४. प्रत आणि मूळ

मुंबईतील लोहार चाळ हा घाऊक बाजाराचा गजबजलेला भाग. तेथे मलानींचा स्टुडिओ होता. हमाल, फेरीवाले, रस्त्यावरच राहणाऱ्या बाया, मुले हे त्यांचे रोजचे दृश्य. त्यातून १९८९ च्या सुमारास ‘हायरोग्लिफ्स लोहार चाळ’ ही कामे सिद्ध झाली. त्यानंतर १९९१ मध्ये ‘द डेगा स्वीट’ आले. त्यांतील कलाकृती पुस्तकरूप आहेत आणि त्यांच्या घडणीत मोनोटाइप, छायाप्रत म्हणजे आपली नेहमीची झेरॉक्स, आणि हाताने केलेले रंगकाम यांचा संयोग आहे.

या तंत्राचा अर्थ समजून घेण्यासाठी मोनोटाइप म्हणजे काय हे पाहावे लागेल. गुळगुळीत पत्र्यावर वा काचेवर शाईने चित्र काढून त्यावर कागद दाबला की त्याचा ठसा उमटतो. शाई एकदाच उतरते. दुसरा ठसा घेतल्यास तो फिकट येतो. त्यामुळे ही मुद्रणाची पद्धत असूनही तिच्यातून धड एकच प्रत निघते. मलानी या एकुलत्या ठशाची झेरॉक्स काढतात आणि मग प्रत्येक झेरॉक्स प्रतीवर हाताने शाई वा जलरंग चढवितात. एकमेव ठशातून अनेक प्रती, आणि अनेक प्रतींतून पुन्हा प्रत्येक वेगळी, असा हा प्रवास आहे. ‘मूळ’ कोणते या प्रश्नाला येथे उत्तर उरत नाही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. हस्तलिखित परंपरेत प्रत्येक लेखनिकाच्या हातून पाठ किंचित बदलतो. मौखिक परंपरेत तर प्रत्येक सादरीकरण हाच एक पाठ असतो. आपण मूळ संहितेच्या शोधात पाठभेदांना पायऱ्या मानतो. मलानींच्या पुस्तकांत पाठभेद हेच कृतीचे स्वरूप आहे. ओवीच्या संदर्भात आपणही असेच म्हणू शकतो. परभणीच्या ओवीपेक्षा अंबडची ओवी कमी अस्सल, हे विधान करण्यास कोणताही आधार नाही.

‘द डेगा स्वीट’चा आणखी एक पैलू आहे. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार एद्गार देगा याने वेश्यागृहांतील दृश्यांचे मोनोटाइप केले होते. मलानींनी त्या प्रतिमा पुन्हा काढल्या. पुरुषाच्या नजरेने टिपलेली स्त्रीदेहे एका स्त्रीच्या हाताखालून पुन्हा गेली, आणि नंतर मुंबईतील झेरॉक्स यंत्राखालून. याला अनुकरण म्हणणे अपुरे आहे; हे भाष्य आहे. जुन्या परिभाषेत सांगायचे तर मूळ ग्रंथावर टीका लिहिणाऱ्याची भूमिका चित्रकर्तीने घेतली आहे. टीकाकार मूळ श्लोक पुन्हा उतरवतो, कारण त्याशिवाय त्याला वाद घालता येत नाही.

मराठी मुलखाला स्त्रीप्रतिमेच्या मुद्रणाचा स्वतःचा इतिहास आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व नंतर लोणावळ्याजवळील मळवली येथे हलला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांच्या रंगीत छापील प्रती तेथून घरोघरी पोहोचल्या. स्त्रीची प्रतिमा स्वस्त झाली, सर्वत्र पसरली आणि एका साच्यात स्थिरावली. त्या मुद्रणात स्त्री हा विषय होता. ठसा उमटविणारा हात तिचा नव्हता. या पार्श्वभूमीवर मलानींच्या झेरॉक्स प्रतींचे वेगळेपण उठून दिसते. साधन तेवढेच सर्वसामान्य, तितकेच स्वस्त. परंतु प्रत्येक प्रतीवर पुन्हा हात फिरवून साचा मोडण्याचे काम तेथे होते.

झेरॉक्सची निवड आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी पदव्युत्तर विद्यार्थ्याचे ग्रंथालय पुष्कळ अंशी झेरॉक्सवर उभे राहिले. दुर्मीळ पुस्तकाची प्रत, तिच्यावर एका विद्यार्थ्याच्या खुणा, त्या खुणांसह पुढच्याने काढलेली प्रत आणि तिच्यावर नव्या खुणा, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा प्रतीत मूळ लेखकाबरोबर कितीतरी अनामिक वाचकांचे हस्ताक्षर मिसळलेले असते. मलानींनी ही मिसळण कलाकृतीचे तत्त्व म्हणून स्वीकारली.

५. संहितांशी संवाद

१९९३ मध्ये मलानींनी अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनात ‘मिडिया’चा प्रकल्प केला. ग्रीक मिथकातील मिडिया, तिची जर्मन नाटककार हायनर म्यूलर याने केलेली पुनर्रचना, समर्थ यांचा आवाज व देह आणि मलानींची चित्रे असे चार थर त्यात होते. यापुढे साहित्यकृतीशी संवाद हा त्यांच्या कामाचा स्थायी भाग झाला. मंटोच्या कथेवरून ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ (१९९८), वीणा दास यांच्या लेखनाचा आधार घेणारे ‘मदर इंडिया’ (२००५), आणि २०१२ च्या कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनातील ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ ही त्याची ठळक उदाहरणे. शेवटच्या कृतीचे शीर्षक फैज यांच्या कवितेवरून आले आहे. फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवरील चित्रांच्या सावल्या भिंतींवर पडतात, त्यांवर चित्रफिती मिसळतात आणि क्रिस्टा वोल्फची ‘कॅसांड्रा’ व महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ यांचे पडसाद ऐकू येतात.

‘द्रौपदी’चे उदाहरण क्षणभर वेगळे काढून पाहू. आदिवासी स्त्रीचा प्रतिकार महाश्वेतादेवींनी बंगालीत लिहिला, गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी तो १९८१ मध्ये इंग्रजीत आणला आणि तेथून तो जगभर वाचला गेला. मलानींच्या कृतीत तो सावली होऊन येतो. म्हणजे तीन स्त्रियांच्या हातांतून गेलेला हा एक आवाज आहे. या साखळीत प्रत्येक दुवा नावानिशी ठाऊक असल्यामुळे आपण चिकित्सक प्रश्न विचारू शकतो : कोणी काय बदलले, कोणाचा आवाज मोठा झाला, आदिवासी स्त्री स्वतः कोठे बोलते? दुवे अनामिक असते तर हे प्रश्न विचारताच आले नसते. नावाची नोंद ही केवळ सौजन्याची बाब नाही. ती समीक्षेची पूर्वअट आहे.

६. आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला सैद्धांतिक आहे. रोलाँ बार्थ याने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यानंतर आणि मिशेल फूको याने १९६९ मध्ये ‘लेखक’ ही एक विशिष्ट व्यवस्था असल्याचे दाखविल्यानंतर नावांचा आग्रह प्रतिगामी नाही काय? यावर नॅन्सी मिलर यांच्यासारख्या स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतलेली हरकत निर्णायक वाटते. जिला लेखक म्हणून कधी मान्यताच मिळाली नाही, तिच्या बाबतीत लेखकाच्या मृत्यूची घोषणा कोणाच्या सोयीची, असा तो प्रश्न आहे. ज्याचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर सुरक्षित आहे त्याला ते सोडून देणे परवडते.

दुसरा आक्षेप व्यावहारिक व अधिक गंभीर आहे. सहयोगाची कितीही भाषा केली तरी अखेरीस एकच नाव मोठे होते. मलानींना फुकुओका पुरस्कार (२०१३), जोआन मिरो पुरस्कार (२०१९), क्योटो पुरस्कार (२०२३) असे सन्मान मिळाले. सन्मान व्यक्तीलाच दिले जातात आणि संग्रहालयांनाही पाटीवर एक नाव सोयीचे असते. या आक्षेपात तथ्य आहे. मलानींच्या कामातील सहयोग पुष्कळदा त्यांच्याच संकल्पनेच्या चौकटीत घडतो, हेही मान्य करावे लागेल.

याच संदर्भात मुंबईच्याच नवज्योत अल्ताफ यांचे काम पडताळ्यासाठी घेता येते. १९७० च्या दशकात प्रोयोम या तरुणांच्या संघटनेसाठी भित्तिपत्रके करणाऱ्या अल्ताफ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधील कोंडागाव येथे जयदेव बघेल, शांतीबाई, राजकुमार या आदिवासी भागातील कलावंतांबरोबर काम करीत आल्या. ‘नलपार’ या उपक्रमात हातपंपांभोवतीची जागा त्यांनी एकत्र घडविली. पाणी भरणाऱ्या बायामुलींना भांडे टेकविता यावे, सांडपाणी वाहून जावे, याचा विचार त्या रचनेत आहे. येथे सहकलावंतांची नावे कलाकृतीबरोबर सांगितली जातात. तरीही शहर व खेडे, इंग्रजी व हलबी, गॅलरी व हातपंप यांतील असमानता त्यामुळे नाहीशी होत नाही. नावे सांगितल्याने असमानता संपत नाही, ती दिसू लागते. आणि दिसू लागल्यावाचून तिच्याविषयी बोलता येत नाही.

७. आपल्या संशोधनासाठी निष्कर्ष

वरील विवेचनाचा मराठवाड्यातील मराठीच्या अभ्यासाशी थेट संबंध आहे. एम. ए., एम. फिल. व पीएच. डी.च्या पातळीवर लोकगीतसंकलनाचे विषय दीर्घकाळ घेतले गेले. या परंपरेला साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’सारख्या संग्रहांचा वारसा आहे. ओव्यांची विषयवार मांडणी, म्हणजे माहेर, भाऊराया, सासर, विठ्ठल अशी प्रकरणे, आपण तेथूनच घेतली. त्या मांडणीने ओवीचा आशय वाचविला, हे तिचे ऋण मोठे आहे. मात्र विषयवार मांडणीत एका बाईच्या ओव्या दहा प्रकरणांत विखुरतात आणि त्या बाईचे समग्र म्हणणे हरवते. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर संशोधकाचे नाव, आत मार्गदर्शकाचे आभार, आणि जिने पहाटे जात्यावर बसून रचना केली तिचा उल्लेख ‘एक वृद्ध महिला’ असा, ही स्थिती शास्त्रीय दृष्ट्याही सदोष आहे.

दुसरा मार्ग शक्य असल्याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे जे मोठे काम उभे केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. गायिकेचे नाव व गाव यांची नोंद त्या कामाचा भाग होती. त्यामुळेच परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या आज एका विशिष्ट कवयित्रीचे विश्व म्हणून वाचता येतात. नाव मिळताच ‘लोकसाहित्य’ या शब्दामागे दडलेले साहित्य पुढे आले.

या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात. ओवी सांगणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे नाव तिच्या संमतीने नोंदवावे. ती नकार देईल तर नकाराचा आदर करावा आणि तशी नोंद ठेवावी. ओवी तिने कोणाकडून ऐकली, त्यात स्वतः काय घातले, हे विचारावे. एकाच ओवीचे पाठ गावागणिक व गायिकेगणिक स्वतंत्र छापावेत; ‘शुद्ध’ पाठ तयार करण्याचा मोह टाळावा. विषयवार सूची परिशिष्टात द्यावी आणि मुख्य मांडणी गायिकेप्रमाणे करावी. संशोधकाने संकलक म्हणून आपले नाव अवश्य लावावे, पण ते अनेक नावांपैकी एक असावे.

मलानींच्या पुस्तकातील प्रत्येक प्रत वेगळी आहे, कारण प्रत्येकीवर हात फिरलेला आहे. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या पट्ट्यात जात्यावरच्या ओव्या ज्यांना मुखोद्गत आहेत त्या स्त्रिया आता वयोवृद्ध आहेत आणि जाती घराच्या कोपऱ्यात गेली आहेत. त्यांची गाणी आपण टिपून घेऊ, यात शंका नाही. ती कोणाची म्हणून टिपून घेणार, हा निर्णय मात्र आपल्या पुढच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावरच करावा लागणार आहे.